खळ्यात मुलं, खळ्यात गाडी: रंग कसा वाचवायचा

मे महिन्यात कोकणातल्या घरासमोरच्या खळ्यात क्रिकेट चालतं, सायकली फिरतात, सोलं आणि फणसपोळी वाळत पडलेली असते आणि चाकरमान्यांच्या दोन-तीन गाड्याही तिथेच लागतात. गणपतीत पुन्हा तीच गर्दी होते, फक्त धुळीच्या जागी चिखल येतो. ‘गाडीपाशी खेळू नका’ असं मुलांना बजावून काही उपयोग होत नाही, कारण खेळायला दुसरी जागाच नसते. आणि वर्षातून दोनदा भेटणाऱ्या भावंडांना खेळू द्यायलाच हवं.

म्हणून मुलांवर नजर ठेवण्यापेक्षा ती गाडीवरच्या धुळीवर ठेवा. बॉल लागला की आवाज होतो, सगळ्यांचं लक्ष जातं. पण रंगाची खरी झीज आवाज न करता होते, धुळीने भरलेल्या गाडीला हात, पाठ आणि कापड घासून. आणि किनाऱ्यालगतच्या गावात पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नसतो. या लेखातला बराचसा भाग या दोन गोष्टींबद्दलच आहे.

रंगाची जाडी किती असते

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-आठवा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. मुलांच्या खेळातले बहुतेक ओरखडे या वरच्या थरातच राहतात आणि पॉलिशने जातात. पण प्रत्येक मशिन पॉलिशला त्याच थरातले काही मायक्रॉन खरवडले जातात. दर सुट्टीनंतर कंपाउंड, म्हणजे रंग घासणारं खरखरीत पॉलिश, मारून घेणाऱ्या गाडीचा क्लिअर कोट काही वर्षांत इतका पातळ होतो, की मग उन्हाने त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. छत आणि बॉनेटवर हे आधी दिसतं. तेव्हा ओरखडा काढता येतो याचा अर्थ तो पडला तरी चालेल असा नाही.

आधी धूळ

जांभ्याच्या तांबड्या धुळीत लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कठीण कण असतात, किनाऱ्यावरच्या वाळूत गारगोटीचे. दोन्ही क्लिअर कोटपेक्षा कठीण. मूल धुळकट काचेखाली दारावर बोटाने नाव लिहितं तेव्हा बोटाने काही होत नाही, बोटाखाली दाबला गेलेला कण रंग कोरतो. गाडी धुतल्यावर नाव गेल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा वाचता येतं. लपाछपीत मुलं गाडीला हात लावत कडेने धावतात. त्याची खूण ठरलेली असते: दारांच्या मध्यावर, साधारण अडीच-तीन फुटांवर, एकमेकींना समांतर आडव्या बारीक रेघा. जीन्सच्या खिशांच्या पितळी बटणांनी बॉनेटच्या कडेला आणि डिकीपाशी बारीक अर्धगोल खुणा पडतात.

गाडी स्वच्छ असेल तर यातलं निम्मंअधिक नुकसान होतच नाही. सुट्टीच्या काळात एक दिवसाआड नुसत्या पाण्याने धूळ उतरवा आणि आठवड्यातून एकदा शॅम्पूने धुवा. धुण्याची पद्धत चुकली तर मात्र मुलांपेक्षा तुम्हीच जास्त ओरखडे पाडाल.

सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल तेव्हाच सुरुवात करा. पाइपने वरून खाली तीन-चार मिनिटं पाणी सोडा, तेवढ्यात सुटी धूळ वाहून जाते. दोन बादल्या घ्या: एकीत दहा लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग पुसा, साध्या पाण्यात पिळा, मगच पुन्हा शॅम्पूत घाला. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग या क्रमाने या. दारांचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी शेवटी, आणि त्यांना वेगळं कापड. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने वॅक्स निघून जातं.

पाण्याकडेही बघा. खाडीलगतच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते गाडीवर सुकलं तर क्षारांचे पांढरे डाग उठतात आणि ते नंतर पुसताना पुन्हा घासावं लागतं. असं पाणी वापरावंच लागलं तर शेवटची एक बादली पिण्याच्या पाण्याची ओता आणि लगेच मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्या. टॉवेल पसरून उचलायचा, चोळायचा नाही.

सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी झटकायची सवय मात्र सोडून द्या. धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच फिरवणं. घाईच असेल तर आधी पाणी मारा.

खळ्याची आखणी

गाडी घराच्या आडोशाला, बाजूच्या गल्लीत किंवा मांगराच्या मागे लावता आली तर उत्तम. तसं जमत नसेल तर क्रिकेटची दिशा फिरवा: गाडी बॅट्समनच्या पाठीमागे आणि फटके गाडीपासून दूर. समोर जाणारा फटका कुठेही जाऊ शकतो, त्यासाठी चाळीस फुटांचा आडोसा लागेल. मागे हुकलेला बॉल जातो किंवा कट लागलेला, आणि तोही अरुंद पट्ट्यात. तिथे दहा फुटांचं जाळं बऱ्याच अंशी पुरतं.

जाळ्यासाठी बंदरावर रापणीच्या किंवा ट्रॉलरच्या टाकाऊ नायलॉन जाळ्यांचे तुकडे सहज मिळतात. विचारून घ्या. टेनिस बॉलचा व्यास साधारण साडेसहा सेंटिमीटर असतो, त्यामुळे जाळ्याचा ताणलेला डोळा चार-पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. पागाचं, म्हणजे हाताने फेकायचं जाळं घेतलंत तर कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या आधी कापून काढा. वाऱ्याने हललं की त्या दारावर आपटतात, शिवाय शिसं मुलांच्या हातात जाणं चांगलं नाही. आणलेलं जाळं गोड्या पाण्यात दोनदा बुडवून, पिळून वाळवा, नाहीतर त्यातलं मीठ आणि वाळू तुम्ही स्वतःच गाडीशेजारी आणून टांगाल.

दोन माडांमध्ये किंवा पोफळींमध्ये सात फुटांवर सहा ते आठ मिलिमीटरची नायलॉन दोरी ताणा. त्याहून खाली नको, धावणाऱ्या मुलाच्या गळ्याशी दोरी येता कामा नये. दहा फुटांच्या अंतराला बारा फूट रुंदीचं जाळं लावा. ताठ जाळ्यावरून बॉल उसळून परत येतो, ढिल्या जाळ्यात तो मरतो. खालची कड जमिनीवर फूटभर लोळू द्या आणि तीवर वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधा. चिरे ठेवू नका, पायाच्या बोटांना लागतात. जाळं आणि गाडी यांच्यात किमान तीन फूट मोकळे हवेत, कारण बॉल लागला की जाळं तेवढं फुगतं. खेळ संपला की जाळं गुंडाळून वर बांधा. रात्री कुत्रं किंवा मांजर त्यात अडकतं.

बॉलच्या बाबतीत एकच नियम कडक ठेवा: खळ्यात सीझन बॉल नाही. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं आणि टेनिस बॉलचं ५६ ते ५९. त्याच वेगाला जवळजवळ तिप्पट मार बसतो. पत्रा आत जातो, आणि पोचा तीक्ष्ण असेल तर रंगालाही तडा जातो. टेनिस बॉलची वेगळी अडचण अशी, की ओल्या खळ्यात त्याच्या लोकरीत चिखल आणि वाळू भरते. दारावर गोल तांबडा शिक्का उमटतो. तो हाताने पुसला तर शिक्क्याच्या आत चक्राकार ओरखडे पडतात. पाण्याने उतरवायचा. रबरी बॉलची काळी खूण रंगावर चिकटलेलं रबर असते, ओरखडा नसतो. ती टार रिमूव्हरच्या चार थेंबांनी किंवा बारीक पॉलिशने निघते. थिनर अजिबात नको, रिपेंट केलेला भाग असेल तर रंगच सुटतो.

क्रीज आखायला चुना वापरू नका. चुन्याची भुकटी वाऱ्याने गाडीवर बसते, पहाटेच्या दवाने भिजते आणि क्षारामुळे क्लिअर कोटवर डाग पाडते. जुन्या कौलाच्या तुकड्याने रेघ ओढा किंवा करवंट्या उपड्या मांडा. कौलाचे तुकडे लगोरीला मात्र नकोत. फुटले की त्यांच्या धारदार कपच्या उडतात. लाकडाचे सात ठोकळे कापून दिले की काम होतं. विटीदांडू आणि भोवरा हे दोन खेळ खळ्याबाहेर पाणंदीत किंवा आगरात पाठवा. विटी कुठे उडेल याचा भरवसा नाही आणि भोवऱ्याचा खिळा रंगावर बसला तर थेट पत्र्यापर्यंत जातो.

आंबा खळ्यात असेल तर त्याच्या पलीकडे गाडी लावू नका. कैऱ्यांवर मारलेला दगड कैरीला क्वचितच लागतो, तो झाडापलीकडे उतरतो. मुलांच्या हाती झेला, म्हणजे फळं उतरवायची जाळी बांधलेली काठी द्या, कैऱ्याही न फुटता मिळतात.

लपाछपीत मुलं गाडीमागे आणि गाडीखालीही लपतात. गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फिरून बघा. उभ्या गाडीची दारं आणि डिकी कायम लॉक ठेवा, चावी मुलांच्या हाताला लागेल अशी खुंटीवर नको. उन्हात बंद गाडीत अडकलेल्या मुलाला काही मिनिटांत धोका होतो. याच्यापुढे रंगाचं मोल काही नाही.

सायकल आणि दार

पत्र्यापर्यंत जाणारे ओरखडे जास्त करून सायकलीचे असतात. हँडलच्या टोकाची रबरी टोपी फाटली की आतली पोकळ नळी बाहेर येते आणि तिची कड सुरीसारखी कापते. सुट्टी सुरू होताना घरातली प्रत्येक सायकल तपासा: हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी ग्रिप हवी, ब्रेकच्या लिव्हरचं टोक गोल हवं, पेडलच्या कडा लोखंडी असतील तर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर इन्सुलेशन टेप लावा. साइड स्टँडच्या पायाखाली चपटा दगड किंवा लाकडाची फळी लागतेच, कारण जांभ्याच्या भुसभुशीत जमिनीत पावसात स्टँड रुततो आणि सायकल हळूहळू कलते.

सायकल गाडीपासून किती लांब ठेवायची? तिच्या हँडलच्या उंचीपेक्षा हातभर जास्त. हँडल तीन फुटांवर असेल तर साडेचार फूट. मग ती कुठल्याही बाजूला पडली तरी गाडीपर्यंत पोचत नाही. गाडीला टेकवून सायकल ठेवणाऱ्या मुलाला दुसरी जागा दिसत नसते. ती दाखवा: गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेला दोन-दोन चिरे चार बोटांच्या फटीने मांडा, फटीत पुढचं चाक बसतं.

दाराचं नुकसान आणखी सोपं आहे. लहान मूल मागचं दार पूर्ण जोराने उघडतं आणि कड गडग्यावर आपटते. तिथला रंग कडेवरूनच उडतो आणि दाराची कड ही गंज धरायची पहिली जागा. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो, तो लावून टाका म्हणजे दार बाहेरून मोठ्या माणसानेच उघडावं लागतं. गडग्यापासून साडेतीन फूट सोडून गाडी लावा. जागा नसेल तर दाराच्या कडेच्या उंचीवर गडग्याला जुन्या टायरची किंवा ईव्हीए फोमची पट्टी ठोका.

चीक, रस आणि वाळू

फणसाचे गरे खाल्लेले हात गाडीला लागले की पांढरा चीक काही वेळात काळपट आणि चिवट होतो. तो नखाने खरवडू नका. फणस कापताना हाताला जे खोबरेल लावतो तेच इथे लावा: डागावर भरपूर तेल, दहा मिनिटं थांबा, मऊ कापडाने उचला, मग तेलकटपणा शॅम्पूने धुवा. देठाशी फुटणारा आंब्याचा चीक त्वचेला भाजतो, रंगावर उन्हात सुकला तर तिथेही फिकट गोल डाग सोडतो. तासाभरात पाण्याने धुतला तर काही होत नाही. ओल्या काजूच्या टरफलातलं तेल या सगळ्यांत वाईट. मुलं काजू भाजतात तेव्हा ते तडतडून उडतं. चूल गाडीपासून पंधरा फूट लांब आणि वारा चुलीकडून गाडीकडे येणार नाही अशा बाजूला हवी. कोकम, जांभूळ, करवंद यांचे रस आंबट असतात, संध्याकाळी गाडीवर पाणी मारलं की पुरे.

समुद्रावरून परतताना पाच लिटरचे दोन कॅन गोड्या पाण्याचे न्या. मुलांनी गाडीला हात लावायच्या आधी हातपाय आणि चपला धुवायच्या. ओले टॉवेल बॉनेटवर वाळत घालू नका. त्यात अडकलेली वाळू वाऱ्याने तिथल्या तिथे घासत राहते. फावडी-बादल्या एका घमेल्यात भरून डिकीत ठेवा, नाहीतर डिकीच्या उंबऱ्यावर, म्हणजे मागच्या बंपरच्या माथ्यावर, त्या ओढत नेल्या जातात. कोकणातल्या बहुतेक जुन्या गाड्यांवर सगळ्यात जास्त ओरखडलेली जागा हीच असते.

कव्हर, वॅक्स, फिल्म: कशाचा किती उपयोग

धुळकट गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने कव्हर हलतं आणि आतली धूळ दिवसभर घासते. धुऊन, पूर्ण कोरडी करून, आतून मऊ अस्तर असलेलं आणि पोटाखालून पट्टा बांधता येणारं कव्हर घाला. पावसाळ्यात ते चोवीस तास ठेवू नका, आत ओल कोंडते. निळी ताडपत्री थेट रंगावर टाकणं सगळ्यात वाईट. ती वापरायचीच तर दोरीवर, गाडीपासून फूटभर वर ताणा.

वॅक्स किंवा सीलंट ओरखडा थांबवत नाही. पण पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, हात सरकतो, चिखल आणि चीक कमी चिकटतो. कार्नोबा वॅक्स आमच्या उन्हात महिना-दीड महिना टिकतं, सिंथेटिक सीलंट तीन ते सहा महिने. वर्षातून दोनदा सीलंट मारायचा असेल तर एकदा एप्रिलअखेर आणि एकदा पावसानंतर ऑक्टोबरमध्ये मारा. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या शिशाच्या कसोटीवरचं माप आहे, दगडाच्या कठीणपणाचं नाही. सायकलच्या हँडलपुढे त्याचा काही टिकाव लागत नाही.

खरोखर मार खाते ती पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे पीपीएफ. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. हलके ओरखडे उन्हाच्या उबेने भरूनही येतात. पूर्ण गाडीला ती महाग पडते. मुलांच्या घरात ती सगळीकडे लागतही नाही. चार जागांपुरती लावून घ्या: दाराच्या हँडलमागची खोलगट वाटी, चारही दारांच्या कडा, मागच्या बंपरचा माथा आणि मागच्या दारांचा सायकलच्या हँडलच्या उंचीचा पट्टा. फिल्मच्या कडांपाशी प्रेशर वॉशरची धार फूटभर लांबून मारा, जवळून मारली की कड सुटते आणि खाली तांबडी रेघ जमते.

दाराच्या कडेला लावायच्या यू आकाराच्या पट्ट्या घेतल्यात तर रबरी घ्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून आत धुवा. धातूच्या पट्टीखाली खारं पाणी अडकून बाहेरून काही न दिसता कड गंजते. चुंबकाने चिकटणारे दाराचे गार्ड किनाऱ्यावर नकोतच. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट असतं, चुंबक ती वाळू ओढून धरतो आणि तुम्ही तीच दारावर दाबून बसवता.

दिवाळी आणि शिमगा

फुलबाजीतून उडणारे लोखंडाचे तप्त कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि आठवडाभराने नारिंगी ठिपके दिसू लागतात. धुऊन ते जात नाहीत, आयर्न रिमूव्हर फवारून आणि मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ वडी, फिरवून काढावे लागतात. गाडी पंधरा-वीस फूट लांब ठेवा आणि कव्हर काढून ठेवा, सिंथेटिक कव्हर ठिणगीने वितळून रंगाला चिकटतं. शिमग्याला कोरडा रंग गाडीवर पडला तर पुसू नका, भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्या. चंदेरी-सोनेरी तेलकट रंग ओला असतानाच खोबरेलाने मऊ करून उचला.

ओरखडा पडल्यावर

भाग धुऊन कोरडा करा आणि नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा क्लिअर कोटमध्ये आहे: बारीक पॉलिश आणि फोमचा पॅड, हाताने, दोन-तीन वेळा, बस. टूथपेस्ट नको, तिच्यातली भुकटी कोणत्या जाडीची आहे ते कळत नाही. नख अडकलं आणि आत राखाडी किंवा पांढरं दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय. चकाकता पत्रा दिसला तर त्याच दिवशी कामाला लागा.

घाई का, ते समजून घ्या. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. किनाऱ्यावर पहाटे एवढी आर्द्रता वर्षातले बहुतेक दिवस असते आणि पावसाळ्यात दिवसभर. म्हणजे ओरखड्यात बसलेला खारा कण पाऊस नसतानाही पत्रा ओला ठेवतो. घाटावर महिनाभर थांबलेला ओरखडा इथे दोन-तीन दिवसांत तांबूस होऊ शकतो. बंपर मात्र प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही, तो नंतर केला तरी चालतं. दारं, फेंडर, बॉनेट आणि चाकांच्या कमानी आधी.

टच-अप पेन घेताना रंगाचं नाव सांगून भागत नाही, एकाच कंपनीचे दोन पांढरे असतात. कलर कोड बॉनेटखालच्या प्लेटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. सापडला नाही तर चॅसिस नंबर देऊन शोरूममधून घ्या.

१. गोड्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून पुसा. वॅक्स राहिलं तर रंग धरत नाही.

२. गंज आला असेल तर ८०० नंबरचा पॉलिश पेपर काडीच्या टोकाला गुंडाळून फक्त ओरखड्याच्या आत घासा. उरलेल्या डागावर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवणाऱ्या रसायनाचा थेंब, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा.

३. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक पातळ हात. पेनचं ब्रश जाड असेल तर दात कोरायची काडी वापरा.

४. रंगाचे दोन ते तीन पातळ हात, दोन हातांमध्ये वीस-तीस मिनिटं. एकच जाड हात दिला की तो खाली ओघळतो आणि आतून ओला राहतो.

५. क्लिअर कोट, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर येईल इतका.

६. किमान आठवडाभर हात लावू नका. मग २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून उंचवटा उतरवा आणि पॉलिश करा. वॅक्स महिन्याने.

जून ते सप्टेंबरमध्ये हे काम उघड्यावर केलं तर हवेतल्या दमटपणाने क्लिअर कोट दुधाळ होतो. पावसात फक्त पहिले तीन टप्पे आणि रंगाचा एक हात एवढंच उरका: पडवीत गाडी घ्या, हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने ओरखडा पाच मिनिटं सुकवा, प्रायमर लावा आणि तो पूर्ण सुकला की वर एक हात रंगाचा. दिसायला चांगलं नसेल, पण पत्रा बंद होतो. उरलेलं ऑक्टोबरात करा. नुसती सेलोटेप लावून ठेवू नका. तिच्याखाली ओल राहते आणि टेप काढेपर्यंत गंज पसरलेला असतो.

पोचा पडला आहे पण रंगाला तडा नाही, अशा वेळी रंगकाम करून घेऊ नका. पेंटलेस डेंट रिपेअर करणारा कारागीर आतून दाबून पत्रा सरळ करतो आणि कंपनीचा मूळ रंग वाचतो. गावातल्या गॅरेजात आधी पुट्टी भरली की हा मार्ग बंद होतो, म्हणून पुट्टीच्या आधी विचारा.

इन्शुरन्सचा क्लेम करायचा की नाही, हा हिशोब गाडी वर्कशॉपला देण्याआधी करा. एक क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के, आणि तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर लागतो. शिवाय प्रत्येक क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या गाडीत १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीत २००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात. एका दाराच्या रंगासाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवणं बहुतेक वेळा परवडत नाही. पॉलिसीच्या कागदावरचा ओन डॅमेज प्रीमियम आणि बोनसची टक्केवारी बघा, बोनसची रक्कम रुपयांत काढा, पुढच्या दोन-तीन वर्षांतला फरकही धरा आणि गॅरेजच्या एस्टिमेटशेजारी मांडा.